जागेचा रिकामा रकाना

मेश्रामबाई गेल्या, त्याच्या पाचव्या दिवशी आमच्या जंगलाच्या गेटवर फ्लेक्स लागला. 'भावपूर्ण श्रद्धांजली, थोर वन्यजीवप्रेमी मेश्राम मॅडम.' मध्ये बाईंचा फोटो आणि त्यांच्या खांद्यामागून जबडा उघडलेला एक वाघ. तो वाघ कुठून तरी उचलून चिकटवलेला, बाईंच्या कानाजवळ त्याची कड स्पष्ट दिसत होती. बाईंनी आयुष्यात वाघाचा एकही फोटो काढला नव्हता. खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांची नावं होती. त्यांतल्या निम्म्या लोकांनी बाईंना याच गेटवरून परत पाठवलं होतं.

मी जिप्सी लावली, फ्लेक्ससमोर उभा राहिलो आणि सगळी नावं वरपासून खालपर्यंत वाचली. रागानं. फ्लेक्स फाडला मात्र नाही. माझ्यात तेवढी हिंमत असती तर ती वेळेवर कामाला आली असती, तेव्हा ती आली नाही. म्हणून हे लिहितोय.

जंगलाचं नाव लिहिणार नाही. नागपूरहून संध्याकाळच्या एसटीनं तिथे पोचता येतं, एवढं पुरे. नाव का लिहीत नाही, ते पुढे येईलच.

मी मूळचा देवगडकडचा. बाबांची होडी फुटली त्या वर्षी आठवीत शाळा सुटली. पुढे आंब्याचा ट्रक घेऊन नागपूरला यायला लागलो आणि एका खेपेला आलो तो परत गेलोच नाही. आता पर्यटकांना जंगलात फिरवणारी जिप्सी चालवतो. इथले ड्रायव्हर मला कोकण्या म्हणतात. अर्ज, फॉर्म, 'इथे सही करा' असलं काही समोर आलं की मी अजून काहीतरी निमित्त काढून उठतो. हे लिहितानाही दोनदा उठलो.

बाई नागपुरातल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायच्या. खापरखेड्याच्या वसाहतीत लहानपण गेलेलं, निवृत्तीनंतर नागपुरातच इंदोऱ्यात पहिल्या मजल्यावर एकट्या राहायच्या. ठेंगण्या, केसांची घट्ट वेणी, अंगात भावाचा जुना स्वेटर. कॅमेऱ्यावर ऑपरेशनच्या खोलीतलं हिरवं कापड टाकलेलं. शुक्रवारी संध्याकाळी यायच्या, आमचे गाईड उईकेदादा यांच्या घरी झोपायच्या, शनिवारी पहाटे गेट उघडायच्या आधी जिप्सीत येऊन बसलेल्या असायच्या.

पहिल्याच दिवशी समोरून येणाऱ्या गाडीनं हात केला. पुढच्या तळ्यावर वाघीण बसली होती. उईकेदादा म्हणाले, "मॅडम, चालाचं का? पाच गाड्या गेल्या."

"पाच गेल्या ना? मंग आपण कायले? तिले का कमी पाहुणे आहेत?"

"पण मॅडम, वाघीण आहे."

"मालूम आहे वाघीण आहे. मी रानकुत्र्यांसाठी आली आहो. गाडी इथीच उभी कर गा."

मी मनात चरफडलो. वाघ दाखवला की पर्यटक खूश होतो, पुढच्या खेपेला आपल्यालाच शोधत येतो. कुत्री बघायला कोण जंगलात येतं? आमच्याकडे त्यांना कोळशिंदे म्हणतात, आणि लहानपणी ती नुसती नावानं ऐकलेली. आम्ही तीन तास एका वाळलेल्या नाल्यापाशी बसलो. थंडीनं स्टिअरिंगवरची बोटं वाकेनात. मग एक शीळ ऐकू आली. मला वाटलं, कुणी माणूस आहे. उईकेदादांनी मान हलवली. रानकुत्री भुंकत नाहीत, शीळ घालून एकमेकांना बोलावतात, हे मला त्या दिवशी कळलं. गवतातून एक तांबडं डोकं वर आलं, मग दुसरं. विटकरी रंग, काळी झुपकेदार शेपूट. नऊ जणं होती. बाईंनी हिरवं कापड काढलं, डोळा लावला आणि एकदम अधिकारी आवाजात म्हणाल्या, "श्वास रोखा."

मी रोखला. उईकेदादांनीही रोखला. त्यांना सवय होती.

दवाखान्यात जन्मभर लोकांना तेच सांगितलेलं. छाती पुढे, हनुवटी वर, श्वास रोखा, आता सोडा. फक्त जंगलात बाई 'आता सोडा' म्हणायला विसरायच्या. कुत्री समोर असेपर्यंत आम्ही तिघंही लाल होऊन बसलेलो असायचो.

दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी त्यांनी माझ्या मांडीवर एक वही टाकली. म्हणाल्या, "लिही. माझे हात कॅमेऱ्यावर राहतात, उईकेचे डोळे झाडीत राहतात. तू रिकामाच बसून राहिला ना?"

मी म्हटलं, "बाई, मला लिहायला नाही जमायचं. आठवीतून सुटलोय."

"बाई काहून म्हणतो गा? मी का मास्तरीण आहो? लिही. डावा कान फाटलेला."

मी घाम पुसत 'डावा काण फाटलेला' लिहिलं. त्यांनी वही घेतली, वाचली, परत दिली. मी म्हटलं, चुकलं असेल तर सांगा. त्या म्हणाल्या, "मले समजलं. कुत्र्याले काही फरक पडत नाही. पुढं लिही."

असा मी शाळेनंतर पहिल्यांदा लिहायला लागलो. प्रत्येक कुत्र्याची खूण लिहायची, कानाची, शेपटीची, चालण्याची. बाईंनी त्यांना दवाखान्यातलीच नावं दिली होती. मारलेल्या चितळावर पिल्लांचं झालं की सगळ्यांच्या आधी तोंड टाकणारा आणि मग झाडाखाली ताणून देणारा तो 'मोठे डॉक्टर'. सतत या टोकापासून त्या टोकापर्यंत पळणारा 'वॉर्डबॉय'. आणि पिल्लांपाशी थांबणारी, शिकारीला न जाणारी, बाकीच्यांनी येऊन घास ओकून दिला की तो खाणारी ती 'सिस्टर'. डावा कान फाटलेली तीच. बाईंचा जीव सिस्टरवर. म्हणायच्या, "बाकी सारे राउंड मारून जातात. वॉर्ड ही सांभाळते."

वहीत रकाने आखलेले होते. तारीख, वेळ, किती, कोण, काय करत होती. शेवटचा रकाना 'जागा', आणि तो प्रत्येक पानावर कोरा. मी एकदा नाल्याचं नाव लिहायला गेलो तर बाईंनी माझं मनगट धरलं.

"मग हा रकाना आखला कशाला?"

"तो रिकामा दिसला पाहिजे म्हणून. आपण विसरलो नाही, मुद्दाम नाही लिहिलं, हे ध्यानात राहाले पाहिजे. एक्स-रेची प्लेट कोणाची आहे, हे बाहेर सांगायचं नसते. नोकरीत तेवढी एक गोष्ट मी शिकली. मोठमोठ्या लोकांच्या प्लेटा पाह्यल्या, घरी येऊन आईलेही नाही सांगतलं."

बाई रागीट होत्या. आता लोक 'प्रेमळ' वगैरे लिहितायत, म्हणून मुद्दाम सांगतो. एकदा शेजारच्या जिप्सीतल्या एका गृहस्थानं कुत्र्यांनी वर बघावं म्हणून शिट्टी मारली. बाई त्याच्याकडे वळल्या. तो हसून म्हणाला, "आंटी, कुत्ते ही तो हैं. हमारी गली में भी हैं."

"तर मंग गल्लीतच बसाचं होतं ना! त्यायले शिट्टी मारली असती तर त्यायनं तरी तुमच्याकडे पाह्यलं असतं. इतक्या दूर कायले आले?"

त्याची बायकोच मोठ्यानं हसली. पण बाईंना हसू आलं नव्हतं. परतीच्या रस्त्यावर त्या धुसफुसत होत्या. "वाघ दिसला का हात जोडतात. आणि हे दिसले का म्हणतात, कुत्ते हैं, चलो. अरे, हे कुत्रे पिल्लाले आधी खाऊ घालतात, मंग आपण खातात! तुमच्या लग्नाच्या पंगतीत दाखवा मले असा एक माणूस!"

तर आता त्या जानेवारीकडे येतो. टाळत होतो.

नाल्याच्या वरच्या अंगाला मधोमध दुभंगलेला एक मोठा खडक होता आणि त्यावर वाकलेलं पांढऱ्या सालीचं कांडोळाचं झाड. खडकाखाली सिस्टरचं बीळ. पिल्लं बाहेर यायला लागली तेव्हा आम्ही लांबच्या वळणावर थांबून दुर्बिणीतून बघितली. पाच. काळपट, मातीच्या गोळ्यांसारखी. बाईंनी कॅमेऱ्यावरचं हिरवं कापड काढलंच नाही. बिळापाशी फोटो काढायचा नाही, हा त्यांचा नियम. उईकेदादांनी गेटवर कुणाला सांगितलं नाही. तीन शनिवार आम्ही तिघंच ते जाणत होतो.

तिसऱ्या शनिवारी पाचही पिल्लं एकदम बाहेर आली आणि मी भराभर दीड पान लिहून काढलं. न अडखळता. मला स्वतःचंच नवल वाटलं. देवगडला माझी आई आहे, माझी शाळा सुटली तेव्हा सगळ्यांत जास्त तीच रडली होती. तिला हे दाखवावं असं वाटलं. जंगलात मोबाईल काढायला बंदी; पर्यटकाकडे काणाडोळा होतो, पण ड्रायव्हरनं काढायचाच नाही. बाई दुर्बिणीत होत्या, उईकेदादा त्यांच्याशी बोलत होते. मी मांडीवरची उघडी वही धरून स्वतःचा एक फोटो काढला, आणि संध्याकाळी खोलीवर रेंज आल्यावर स्टेटसला ठेवला. वहीतलं अक्षर आईला नीट दिसावं, एवढंच मी तपासलं.

मागे काय दिसतंय ते तपासलं नाही. माझ्या उजव्या कानाजवळ, लहानसा पण स्वच्छ, तो दुभंगलेला खडक होता आणि त्यावर पांढरं कांडोळ.

पर्यटकाला त्यातून काही कळलं नसतं. ड्रायव्हरला कळतं. आम्ही तेच रस्ते रोज फिरतो, झाडाच्या वाकण्यावरून वळण ओळखतो. एक ड्रायव्हर वही घेऊन तासन् तास त्या वळणावर कशाला थांबतो, याचा हिशोब आमच्यातल्याच बंटीनं रात्रीतच लावला.

रविवारीही आमची फेरी होती. आम्ही वळणावर पोचलो तर पुढे अकरा गाड्या. खडकापर्यंत. इंजिनं चालू, लोक सीटवर उभे, कुणी लहान मुलाला टपाच्या पाइपवर बसवलेलं. बंटी मला बघून ओरडला, "काय बे कोकण्या, एकटाच खाऊन राहिला होता का?"

माझ्या तेव्हाही लक्षात आलं नाही. बाईंच्या आलं असावं. त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं.

सिस्टर बिळातून बाहेर आली, आत गेली, परत आली. मग तिनं एक पिल्लू तोंडात धरलं. तिला रस्त्याच्या पलीकडे जायचं होतं आणि रस्ता सगळा गाड्यांनी भरलेला. ती दोन गाड्यांच्या मधल्या फटीतून निघाली. लोकांनी "वॉव" केलं. वॉव! दुसरं नेलं, तिसरं नेलं, आणि प्रत्येक खेपेला चांगल्या फोटोसाठी गाड्या आणखी पुढे सरकत होत्या, फट लहान होत होती.

तेव्हा बाईंनी जिप्सीचं दार उघडलं आणि त्या खाली उतरल्या.

जंगलात गाडीतून पाय खाली टाकायचा नाही. हा नियम बाईंनी मला इतक्यांदा ऐकवला होता की मला वाटलं, मी चुकीचं बघतोय. त्या चालत गेल्या आणि बंटीच्या बॉनेटसमोर उभ्या राहिल्या. भावाच्या स्वेटरमध्ये, हातात हिरवं कापड.

"गाडी मागं घे."

"मॅडम, वर बसा, फाईन लागन."

"लागू दे. मागं घे! तिले जाऊ दे! समदे मागं घ्या!"

लोकांनी आता मोबाईल कुत्र्यांवरून काढून बाईंवर धरले. बाई रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभ्या, आणि सिस्टर चौथं पिल्लू घेऊन त्यांच्यापासून पाच-सहा हातांवरून गेली. बाईंनी मान वळवली नाही. मी बघत होतो. त्यांनी श्वास रोखला होता.

मग सगळ्या गाड्यांना एकदम शहाणपण सुचलं. सगळ्या एकदम मागे यायला लागल्या, हॉर्न, आरडाओरडा. पाचवं पिल्लू आईची वाट न बघता आपलं आपण निघालं होतं. गाड्या हटल्यावर ते चाकोरीत दिसलं.

कुणाच्या चाकाखाली आलं, ते कुणी सांगितलं नाही. गेटवर पोचल्यावर प्रत्येक ड्रायव्हर खाली उतरून आधी आपापले टायर बघत होता. मीही बघितले.

गेटवरच्या कार्यालयात साहेब बसले होते. बाईंच्या उतरण्याचा व्हिडिओ आमच्या आधी तिथे पोचला होता. पिल्लाचा विषय शेवटी निघाला. साहेबांनी विचारलं, "बिळाची जागा बाहेर कशी फुटली?"

बंटीला माहीत होतं. बाकीच्या दोघा-चौघांना माहीत होतं. पण स्टेटस बघितलं म्हणावं तर ड्रायव्हरांच्या ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बेत शिजला त्याचीही चौकशी झाली असती. म्हणून कुणी माझं नाव घेतलं नाही. एव्हाना मलाही सगळं समजलं होतं. ड्रायव्हरनं जंगलात मोबाईल काढला म्हणजे पास कायमचा रद्द. मी तोंड उघडणार होतो. असं मी स्वतःला अजून सांगतो.

बाई म्हणाल्या, "माझ्याकडून फुटली. म्हाताऱ्या बाईच्या तोंडात राहत नाही."

साहेबांनी लिहून घेतलं. पुढील आदेशापर्यंत प्रवेश बंद. बाईंनी कागद वाचला, सही केली. मी माझ्या बुटांकडे बघत उभा होतो. जन्मभर दुसऱ्याच्या प्लेटेबद्दल आईपाशीसुद्धा न बोललेली बाई, आणि त्या कागदावर तिची सही, की जागा तिनं फोडली. तो पुढील आदेश कधी निघालाच नाही.

मी त्यांना फाट्यावर एसटीला सोडायला गेलो. अर्ध्या रस्त्यात त्या म्हणाल्या, "ते स्टेटस काढून टाक गा. अजून तसंच आहे."

मी गाडी थांबवली. मला रडू आलं.

"रडू नको. मी भल्ली रागावली आहो तुझ्यावर, आता रडून मले तुझी समजूत काढाले लावू नको." मग कॅमेऱ्यावरचं हिरवं कापड सारखं करत, "मायनं पाह्यलं?"

"हो."

"काय म्हणे?"

"म्हणाली, अक्षर बरं आलंय."

बाई खिडकी नसलेल्या त्या जिप्सीतून बाहेर बघत राहिल्या. मी म्हटलं, "बाई, मी आत्ता परत जाऊन साहेबांना सांगतो."

"काही जरूर नाही. मले गेट बंद झालं तर मी घरी बसन. तुले झालं तर तू कुठी जाशील? आणि दोघंही बाहेर झालो तर वही कोण लिहीन? उईकेले का लिहिता येते?"

त्यानंतर तीन आठवडे त्यांनी माझा फोन घेतला नाही. चौथ्या रविवारी मी वही घेऊन इंदोऱ्याला गेलो. त्यांनी दारातच वही घेतली, उभ्यानं वाचली. आत ये नाही, पाणी घे नाही. वही परत देत म्हणाल्या, "वॉर्डबॉयच्या शेपटीचं नाही लिहिलं." आणि दार लावलं.

मी जिने उतरताना जवळजवळ नाचत होतो.

मग दर रविवारी जायला लागलो. पुढे पाणी मिळालं, मग चहा, मग भाकरी आणि तिखट वांग्याची भाजी. दसऱ्यानंतर त्यांनी हिरव्या कापडासकट कॅमेरा माझ्या हातात दिला. मी नको नको म्हणालो. "दुर्बिणीतून दिसते ते यातही दिसते. फक्त हात हलू द्यायचा नाही," एवढंच शिकवणं. तोवर त्यांची प्रकृती उतरली होती. रात्री बसून झोपावं लागतं, म्हणाल्या. स्वतःच्या छातीची प्लेट त्यांनी डॉक्टरांच्या आधी वाचली होती, आणि त्यात काय दिसलं ते मला सांगितलं नाही. प्लेट स्वतःची असली तरी.

आता त्या गेल्या, फ्लेक्स लागला, वाघ चिकटवला. म्हणून मी हे माझ्या अक्षरात लिहून ठेवतो : बिळाची जागा मेश्रामबाईंनी फोडली नाही. मी फोडली. त्या कागदावरची कबुली खोटी आहे. हे कुणी वाचलं तर माझा पास जाईल. जाऊ दे. उईकेदादांची सून बारावी शिकलेली आहे, वही तिला शिकवून ठेवली आहे.

बाईंना शेवटचं बघितलं तो रविवार सांगतो. आदल्या दिवशी मला कळप दिसला होता. सिस्टर होती, मोठे डॉक्टर होते, आणि त्यांच्या पुढेमागे चार नवी, पायांनी लांब, कानांनी मोठी. चारही जिवंत. मी कॅमेरा उचलला, आमच्या गाडीत कुणीच म्हणालं नाही म्हणून स्वतःच म्हटलं, श्वास रोखा. सीताबर्डीतून फोटो छापून घेऊन सरळ इंदोऱ्याला गेलो.

बाई खुर्चीत बसल्या होत्या. मी दारातूनच चार बोटं दाखवली. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मी फोटो हातात दिला आणि आनंदात बोलून गेलो, "बाई, कुठे दिसली माहितीये? त्याच—"

त्यांनी हात वर केला. दम लागलेला, पण आवाज तोच, एक्स-रेच्या खोलीतला.

"मलेही नाही सांगायचं."

 मग त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला आणि कुत्री बघायच्या आधी कुत्र्यांच्या मागे बघितलं. वरची कड, डावी कड, उजवी कड, सावकाश, बोट फिरवत. मागे नुसतं गवत होतं. जगात कुठेही असेल असं गवत.

"बरं," त्या म्हणाल्या. "जा आता. एसटी सुटन."

खाली गल्लीत येऊन मी वर बघितलं. बाई उठून खिडकीपाशी आल्या होत्या. फोटो दोन्ही हातांनी वर, उजेडाकडे धरलेला, प्लेट धरतात तसा. कागदातून काय आरपार दिसणार? पण त्या बघत होत्या, आणि त्यांचे ओठ हलले. काय म्हणाल्या ते इतक्या खालून ऐकू येणं शक्य नव्हतं. मी तिथेच उभा राहिलो. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, आणि वरचा फोटो खाली येईपर्यंत मी श्वास सोडला नाही.